मध्यरात्री राज्य बदललं, मग कायद्याचं काय?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. समजा, ३० जून १९९७ च्या रात्री हाँगकाँगच्या तुरुंगात एक कैदी आहे. त्याला शिक्षा झालीय ती ब्रिटनच्या राणीच्या नावाने चाललेल्या खटल्यात. बारा वाजले, राणीचं राज्य संपलं, चीनचं सुरू झालं. आता त्याला आत ठेवायचा अधिकार कोणाचा?

झेंडा एका क्षणात उतरवता येतो, कायद्याचं तसं नसतं. म्हणून तयारी फार आधी सुरू झाली. १९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्यात ठरलं की तिथले कायदे मुळात तसेच राहतील. १९९० च्या ‘मूलभूत कायद्या’ने, म्हणजे हाँगकाँगच्या छोट्या राज्यघटनेनेच म्हणा ना, कलम ८ मध्ये तेच सांगितलं. आपल्याकडे १९५० साली राज्यघटनेच्या कलम ३७२ ने असंच जुने कायदे चालू ठेवले होते.

प्रत्यक्षात कामं तीन होती. पहिलं स्थानिकीकरण. ब्रिटिश संसदेचे जे कायदे तिथे लागू होते, त्यांचा आधार जाणार होता. त्यांच्या जागी स्थानिक कायदे हवे होते. हाँगकाँगचा स्वतःचा कॉपीराइट कायदा लागू झाला २७ जून १९९७ ला, अगदी शेवटच्या आठवड्यात!

दुसरं काम चाळणीचं. २३ फेब्रुवारी १९९७ ला चीनच्या संसदेच्या स्थायी समितीने १४ कायदे पूर्णपणे आणि १० कायदे अंशतः नाकारले. मानवी हक्कांच्या १९९१ च्या कायद्यातली काही कलमं त्यात गेली. म्हणजे हे काम नुसतं तांत्रिक नव्हतं.

तिसरं काम शब्दांचं, आणि खरी मेख इथेच आहे. ‘क्राउन’ या शब्दाच्या जागी काय घालायचं? जुना नियम असा की स्पष्ट म्हटल्याशिवाय कायदा क्राउनला बांधत नाही. १९९८ मध्ये तिथे ‘राज्य’ असा शब्द आला आणि चीनच्या केंद्र सरकारच्या तिथल्या काही कार्यालयांनाही त्याचा लाभ मिळाला. त्यावर मोठा वाद झाला. बदलला एकच शब्द, पण कायद्याबाहेर कोण राहणार हे त्याने ठरवलं.

आणि आपला कैदी? तसाच प्रश्न जुलै १९९७ मध्ये कोर्टात आलाच. तीन आरोपींचं म्हणणं होतं की कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा, नव्याने स्वीकारलेलाच नाही, तेव्हा आमच्यावरचा खटलाही संपला. अपील न्यायालयाने ते फेटाळलं. ‘कायम राहतील’ म्हणजे कायम राहतील, वेगळ्या स्वीकाराची गरज नाही.

थोडक्यात, सत्तांतरात सामान्य माणसाला पहिलं संरक्षण मिळतं ते या सलगपणातून. मात्र सलगपणाच्या नावाखाली कोणता शब्द बदलला, हे बारकाईने वाचायला हवं.