माकडाला मत

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या गोदीत 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही तरंगते. ती बांधली मुंबईत, वाडियांनी, मलबारच्या सागवानात. पाण्यात उतरली 12 ऑक्टोबर 1817 रोजी. खडकीच्या लढाईला तेव्हा महिनाही उरला नव्हता. पेशवाई बुडाली, सागवान अजून पाण्यावर आहे! 1987 साली ही नौका हार्टलपूलला आणून, वर्षानुवर्षं खपून नीट केली गेली. जहाजाचं काम जाणणारे हात गावात होतेच. बांधायला जहाजं उरली नव्हती. आधी जहाजांचे कारखाने बंद पडले, मागोमाग पोलादाच्या भट्ट्या विझल्या.

या गावाच्या लोकांना आसपासचे 'माकडांना फाशी देणारे' म्हणून चिडवतात. दंतकथा अशी, की नेपोलियनशी युद्ध चालू असताना एक फ्रेंच जहाज किनाऱ्याजवळ फुटलं. वाचलं ते एकटं माकड, तेही गणवेशातलं. कोळ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिला नव्हता. माकडाची भाषा कळेना, तेव्हा हा हेर असणार असं ठरवून त्यांनी त्याला फासावर चढवलं. पुरावा काही नाही, पण चिडवायला पुरावा कुठे लागतो? पुढे गावानं ही शिवीच मिरवायला घेतली. फुटबॉल क्लबनं 1999 मध्ये 'हँगस' नावाचं माकड शुभंकर म्हणून मैदानात आणलं. त्या केसाळ पोशाखाच्या आत स्टुअर्ट ड्रमंड नावाचा तरुण असे. चाळे इतके, की त्याला मैदानाबाहेरही काढलं गेलं होतं.

इंग्लंडात नगरपालिकेचा कारभार सहसा निवडून आलेले नगरसेवक आपल्यातला नेता निवडून चालवतात. 2000 सालच्या कायद्यानं गावांना थेट लोकांतून मेयर निवडण्याची मुभा मिळाली. आपल्या थेट नगराध्यक्षासारखंच. हार्टलपूलनं 2001 च्या सार्वमतात अगदी थोडक्या फरकानं होकार दिला. गाव मजूर पक्षाचं, तिथले खासदार म्हणजे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे निकटवर्ती पीटर मँडेलसन. पक्षाचा उमेदवार निवडून येणार, यात कुणाला शंका नव्हती.

मे 2002 मध्ये ड्रमंड माकड म्हणूनच प्रचारात उतरला. आश्वासन एकच लक्षात राहिलं: शाळेतल्या पोरांना फुकट केळी. मतदारानं पहिली आणि दुसरी पसंती द्यायची, अशी पद्धत होती. पहिल्या फेरीत कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत. पहिले दोघे राहिले, बाकीच्यांची दुसरी पसंती मोजली आणि माकड जिंकलं. लंडनच्या वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला. मला मात्र हा निकाल थट्टेचा वाटत नाही. दर तिघांतले दोन मतदार तर घराबाहेरच पडले नव्हते. जे पडले, त्यातल्या अनेकांनी आपल्याला गृहीत धरणाऱ्या पक्षाला मिळेल त्या काठीनं हाणलं. काठी केसाळ निघाली, एवढंच.

खरी गंमत पुढे आहे. ड्रमंडनं पोशाख उतरवला, सूट चढवला आणि केळी विसरून पालिकेचं काम सुरू केलं. 2005 मध्ये तो मोठ्या मताधिक्यानं पुन्हा आला, 2009 मध्ये तिसऱ्यांदा. थट्टा म्हणून एकदा मत देता येतं. तीनदा देत नाहीत.

ही मतदानाची गोष्ट आपल्यालाही अगदी परकी नाही. तिथे स्थानिक निवडणुकांचं मतदान सहसा मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10, शाळेत नाहीतर चर्चच्या सभागृहात होतं. कागदी मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल, नावापुढे फुली. शाई बोटाला लागत नाही. फोटोचं ओळखपत्र तर 2023 पासूनच मागू लागले. आणि राष्ट्रकुलातले असल्यामुळे तिथे रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मतदानाचा हक्क आहे. नोकरीसाठी गेलेला नाशिकचा एखादा इंजिनिअर भारतीय पासपोर्ट खिशात ठेवूनही तिथे कचऱ्याच्या डब्यांवरून आणि खड्ड्यांवरून नगरसेवकाला पाडू शकतो. किती मराठी मंडळींना हे ठाऊक असतं?

तीन निवडणुकांत ड्रमंडला कुणी हरवू शकलं नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पुन्हा सार्वमत झालं. या वेळी प्रश्न माणसाचा नव्हता, खुर्चीचा होता. कारभार नगरसेवकांच्या समित्यांकडे द्यायचा, असा कौल लोकांनी दिला, आणि 2013 च्या मे महिन्यात ड्रमंडच्या मुदतीबरोबर मेयरचं पदही संपलं.