औद्योगिक संपीडित हवेची गळती : शोध, मापन आणि दुरुस्ती
(बीड जिल्ह्यातील कृषिआधारित उद्योगांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. या परिसराचे अर्थकारण प्रामुख्याने कापूस आणि ऊस या पिकांवर अवलंबून असून जायकवाडीच्या उजव्या कालव्यामुळे तालुक्यातील ऊसशेतीला चालना मिळाली. गढी येथील जयभवानी सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आहे. साखर कारखान्यांत स्वयंचलित झडपा आणि नियंत्रण उपकरणे संपीडित हवेवर चालतात. जिनिंगमध्ये कापूस वाहून नेणारी हवा मात्र पंख्याची, म्हणजे कमी दाबाची असते. ती येथे अभिप्रेत नाही. संपीडित हवेच्या गळतीचा शोध व दुरुस्ती यांची पद्धत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप :
हवा फुकट मिळते, हा समज गळतीकडे होणाऱ्या दुर्लक्षाच्या मुळाशी आहे. वास्तविक कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो आणि प्रत्यक्ष उपयुक्त कार्य साधारणतः एक दशांशच हाती लागते. ७ बार दाबावर सुमारे ३ मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रातून निसटणाऱ्या हवेसाठी जवळपास ३ किलोवॉट वीज खर्ची पडते. पाणी किंवा तेल गळाले तर डाग दिसतो. हवा मात्र मागे खूण ठेवत नाही.

मापन :
हवा वापरणारी सर्व यंत्रे बंद ठेवून, परंतु वाहिन्यांत दाब कायम ठेवून कॉम्प्रेसर चालवावा. हंगामापूर्वीची चाचणी किंवा साफसफाईचा बंद काळ यासाठी सोयीचा असतो. कॉम्प्रेसर भारावर राहण्याचा काळ आणि भाररहित राहण्याचा काळ घड्याळाने अनेकदा नोंदवून सरासरी काढावी. भारकाळास दोन्ही काळांच्या बेरजेने भागून कॉम्प्रेसरच्या क्षमतेने गुणले असता गळती मिळते. उदाहरणार्थ, क्षमता दर मिनिटास १० घनमीटर, भारकाळ १.५ मिनिटे आणि भाररहित काळ ३.५ मिनिटे असल्यास गळती दर मिनिटास ३ घनमीटर, म्हणजे ३० टक्के ठरते. दर मिनिटास १ घनमीटर हवेसाठी ६ किलोवॉट धरल्यास हा भार १८ किलोवॉट होतो. १५० दिवसांच्या अखंड हंगामात, म्हणजे ३,६०० तासांत, तो ६४,८०० युनिट एवढा होतो.

शोध व दुरुस्ती :
मोठी गळती कानाला ऐकू येते. परंतु यंत्रांच्या गोंगाटात लहान गळती लपते. साबणाचे पाणी ब्रशने सांध्यांवर लावल्यास बुडबुडे दिसतात. ही पद्धत स्वस्त आहे, मात्र संथ आहे. अल्ट्रासॉनिक यंत्र मानवी श्रवणमर्यादेच्या वरचा, सुमारे ४० किलोहर्ट्झचा ध्वनी टिपते, त्यामुळे चालू कारखान्यातही तपासणी करता येते. आटे असलेले सांधे, नळ्यांच्या क्लिपा, जोडण्या, गाळणी व दाबनियंत्रक संच, सिलिंडरची सील आणि उघडे राहिलेले पाणी-निचरा नळ ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत.

सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी क्रमांकाची चिठ्ठी बांधून नोंदवहीत स्थान, तारीख व दुरुस्ती लिहावी. दुरुस्तीपूर्वी झडप बंद करून तिला कुलूप लावावे आणि वाहिनीतील दाब शून्यावर आणावा. गळती कधीही हाताने चाचपू नये. दाबाखालील हवा त्वचेत शिरल्यास गंभीर इजा होते. सांध्याला सीलटेप, जीर्ण नळीला नवी नळी आणि झिजलेल्या सीलला नवी सील हाच योग्य उपाय होय. चिंधी गुंडाळणे हा उपाय नव्हे.

दुरुस्तीनंतरची दक्षता :
केवळ छिद्र बुजवून पूर्ण बचत होत नाही. भाररहित कॉम्प्रेसरही वीज घेतो. म्हणून गरज घटल्यावर एखादा संच बंद करणे किंवा दाब कमी करणे आवश्यक ठरते. दाब १ बारने उतरविल्यास वीज साधारणतः ६ ते ७ टक्के वाचते आणि उरलेली गळतीही घटते. यानंतर मापनाची पुनरावृत्ती करून फरक नोंदवावा.

निष्कर्ष :
ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ नंतर ऊर्जेच्या लेखापरीक्षणाला कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि महाराष्ट्रात महाऊर्जा ही संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. तथापि घड्याळ, साबणाचे पाणी व नोंदवही एवढ्या साधनांनी ग्रामीण कारखान्यालाही आरंभ करता येतो. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात वाचलेले युनिट विक्रीस उपलब्ध होते. सहकारी कारखान्याचा खर्च अखेरीस ऊस उत्पादकाच्या पदरात पडणाऱ्या भावाशी निगडित असतो. म्हणून गळतीचा प्रश्न केवळ यंत्रशाळेचा न राहता शेतकरी सभासदाचाही ठरतो.