विश्लेषण : फाशांच्या खेळात खटला कसा चालवतात?

तलवारीच्या लढाईला पानेच्या पाने नियम, कोर्टातल्या वादाला मात्र एकच फासा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांची ही जुनी तक्रार. पात्रावर खुनाचा आळ येतो, मित्र वकील होतात आणि निकाल एका फेकीत लागतो.

अडचण कुठे?

१९७४ मध्ये आलेला हा खेळ युद्धखेळांतून जन्मला. त्यामुळे हल्ला, बचाव, जखमा यांचे मोजमाप त्यात पहिल्यापासून होते. पाचव्या आवृत्तीत (२०१४) ‘पर्सुएशन’ हे कौशल्य आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राचे गुण मिळवायचे; गेम मास्टरने ठरवलेला आकडा गाठला की समोरच्याला पटले!

फासे बाजूला ठेवून नुसते बोलायचे ठरवले, तर टेबलावरचा बोलका माणूस बाजी मारतो. बुजऱ्या मुलीने हौसेने हजरजबाबी वकिलाचे पात्र घेतलेले असते, ते गप्पच राहते. लढाईत तिला कुणी खरी तलवार फिरवून दाखव म्हणत नाही. मग इथे भाषण का मागायचे?

इतर खेळांनी काय केले?

ल्यूक क्रेन यांच्या ‘बर्निंग व्हील’मध्ये ‘ड्युएल ऑफ विट्स’ आहे. जिंकल्यास काय हवे, हे दोन्ही बाजू आधीच सांगतात. प्रत्येकाच्या युक्तिवादाला गुण मिळतात. मुद्दा मांडणे, खोडून काढणे, चिथावणे, विषय टाळणे अशांपैकी तीन चाली गुपचूप ठरवून एकेक उघडायच्या. गुण संपले तो हरला. पण जिंकणाऱ्याचेही गुण घटले असतील, तर त्याला काही सोडावे लागते. म्हणजे आरोपी सुटतो, पण त्याला गाव सोडावे लागते. एका फाशात ही गंमत नाही.

व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’मध्ये (२००४) तोंडी वाद हरत आलेला खेळाडू हातघाईवर, शेवटी बंदुकीवर जाऊन जादा फासे मिळवतो. हे कोर्टापेक्षा चावडीवरच्या भांडणाला शोभणारे.

मग खटला रंगवायचा कसा?

‘डंजन्स’च्या चौथ्या आवृत्तीतले (२००८) ‘स्किल चॅलेंज’ इथे कामी येते : तीन अपयशांआधी ठरावीक यश मिळवायचे. एकाने उलटतपासणी घ्यावी, दुसऱ्याने कागदपत्रे चाळावीत, टोळीतल्या चोराने रात्री दप्तरखान्यात शिरावे. गेम मास्टरच न्यायाधीश आणि तोच सरकारी वकील असला, तर तो स्वतःशीच भांडत बसतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. साक्षीदार खेळाडूंनाच वाटून द्यावेत.

आणि त्या बुजऱ्या मुलीला एवढेच विचारावे, ‘तुझा मुद्दा काय?’ तिने एका वाक्यात सांगावा. मुद्दा नेमका असेल तर गाठायचा आकडा कमी करावा, मग फासा तिच्या हाती द्यावा.