गॅल्व्हस्टनच्या खाडीतली घोळ

वीस वर्षांपूर्वी ह्यूस्टनच्या मराठी घरांत ‘गॅल्व्हस्टनला जाऊ या’ म्हटलं की सीवॉलवर फेरफटका, डब्यातले बटाटेवडे आणि मेक्सिकोच्या आखाताच्या गढूळ पाण्यात गुडघाभर उभं राहणं, एवढाच बेत असायचा. गाइडसकट बोट ठरवून गरवायला जाणं ही ऑफिसातल्या टेक्सन सहकाऱ्यांची हौस. आपल्याकडे ती शिरली सुट्टीला आलेल्या आईवडिलांमुळे. सहा महिने मुलाकडे राहायला आलेल्या मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला मॉल आणि स्पेस सेंटर दाखवून झालं, की तिसऱ्या आठवड्यात तो विचारतोच, “इथे समुद्र आहे म्हणता, मग मासे धरतात कुठे?” त्या प्रश्नाचं उत्तर शोधत आमची मंडळी चार्टर बोटीपर्यंत पोचली आणि मग त्या बोटींच्या निमित्ताने या किनाऱ्याचा बदलता काळही आम्ही पाहिला.

सुरुवातीला सगळा हिशेब सहाच्या पाढ्यात चालायचा. कोस्ट गार्डची तपासणी नसलेल्या छोट्या बोटीवर परवानाधारक कॅप्टनला सहाच प्रवासी नेता येतात. म्हणजे दोन जोडपी आणि दोन मुलं. गट मोठा असेल तर दोन बोटी, आणि कोणी कोणाच्या बोटीत बसायचं यावर आदल्या रात्री फोनाफोनी. तेरा वर्षांखालच्या मुलाच्या अंगातलं लाइफ जॅकेट बोट चालू असताना उतरवायचं नाही, हा कायदा आहे आणि चांगले कॅप्टन तो आजीच्या रदबदलीलाही दाद न देता पाळतात. मोठ्यांना मासेमारीचा परवाना लागतो. पाहुण्यांसाठी एका दिवसाचाही मिळतो. मुंबईहून आलेल्या सासऱ्यांच्या नावाचा तो कागद छापून हातात दिला की त्यांना केवढं अप्रूप वाटायचं!

खाडीत जायचं की बाहेर, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. गॅल्व्हस्टन बे उथळ. कालवांचे खडक, लव्हाळ्याचे काठ, कमी पाण्यात चालणारी सपाट बोट, चार तासांत परत. बाहेर म्हणजे दगडी जेट्टींच्या पलीकडे. टेक्सासची हद्द किनाऱ्यापासून नऊ सागरी मैलांपर्यंत आहे; बहुतेक राज्यांना तीनच मिळतात, पण टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हाचा तीन लीगचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मान्य केला. त्या पट्ट्यात सुरमईची भावंडं मिळतात, आणि बोयाच्या सावलीत उभा असलेला मोडसाही. माझं मत स्पष्ट आहे. दहा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर खाडीच. बाहेरच्या लाटेवर एका पोराला मळमळायला लागलं की सगळ्या बोटीचा दिवस त्याच्या पाठीवर हात फिरवण्यात जातो, आणि ते पोर पुढची पाच वर्षं समुद्राचं नाव काढू देत नाही.

खाडीतला एक प्रसंग मला अजून लख्ख दिसतो. माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या. जिवंत कोळंबी गळाला, वर फुगीर पॉपिंग कॉर्क, आणि त्या कॉर्कने पाण्यावर ‘टपक’ आवाज केला की खाली मासा खेचतो. त्यांच्या गळाला लागलेला रेडफिश कॅप्टनने जाळीत घेतला, तेव्हा त्याच्या पोटातून ढब ढब असा घुमारा येत होता. तांबूस पितळी अंग, शेपटीच्या मुळाशी काळा टिळा. सासूबाईंनी ओला हात त्याच्या कुशीवर ठेवला आणि म्हणाल्या, “ही तर घोळीच्या घरातली!” त्या अगदी बरोबर होत्या. रेडफिश, स्पेकल्ड ट्राउट, आपली घोळ आणि डोमा ही सगळी एकाच कुळातली. आवाज येतो तो बोतातून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतून. घोळीचं हेच बोत परदेशी बाजारात सोन्याच्या भावाने जातं. कॅप्टनने मासा पट्टीवर आडवा धरला. वीस इंचांना अगदी थोडा कमी. पट्टीवरून तो सरळ पाण्यात गेला. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पानात वाढलेली तुकडी कोणी उचलून नेली.

त्यांना तेव्हा पुरतं समजावता आलं नव्हतं, ते इथे सांगतो. टेक्सासमध्ये रेडफिश ठेवायचा तर सर्वसाधारणपणे तो २० ते २८ इंचांमधला हवा आणि माणशी दिवसाला तीनच. लहान मासा अजून वयात आलेला नसतो. २८ इंचांपुढचा खाडी सोडून समुद्रात जातो आणि पुढे कित्येक वर्षं अंडी घालतो. हा मासा पस्तीस-चाळीस वर्षं जगू शकतो. म्हणून मधल्या वयाचाच घ्यायचा. हे शहाणपण आपोआप आलेलं नाही. सत्तरच्या दशकात इथल्या खाड्या जाळ्यांनी उपसल्या जात होत्या. १९७७ मध्ये ह्यूस्टनमधल्या हौशी गळवाल्यांनी संघटना उभारली आणि १९८१ मध्ये रेडफिश व ट्राउट यांच्या विक्रीवरच राज्याने बंदी आणली. त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम या शेफचा मसाला लावून काळा होईतो भाजलेला रेडफिश देशभर गाजला आणि आखातातल्या मोठ्या माशांच्या थव्यांवर घाला आला. १९८८ पासून राज्याच्या पलीकडच्या, केंद्राच्या हद्दीत तो धरायचाच नाही, असा नियम झाला. तो आजही कायम आहे. राज्याने हॅचरीत वाढवून कोट्यवधी पिल्लं खाड्यांत सोडली. आमची पिढी इथे आली ती या भरलेल्या खाड्यांवर.

योगायोग असा, की महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदाही १९८१ चाच. त्याचा रोख यांत्रिक आणि पारंपरिक मच्छीमारांमधल्या झगड्यावर होता, त्यामुळे दोन्ही कायद्यांची तुलना करणं बरोबर नाही. पण सासूबाईंच्या पिढीने रत्नागिरीच्या बंदरावर घोळ दुर्मीळ होताना पाहिली, आणि त्याच कुळातला मासा मी इथे माझ्या मुलांना धरायला शिकवला, हे मनातून जात नाही.

खाडीला मधल्या काळात धक्के कमी बसले नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये आइक वादळ गॅल्व्हस्टनवर आदळलं आणि निम्म्याहून अधिक कालवांचे खडक गाळाखाली गेले. गाइड लोकांच्या वहीतल्या वर्षानुवर्षांच्या जागा एका रात्रीत पुसल्या गेल्या. २०१० मध्ये लुइझियानापुढे तेलविहीर फुटली, अकरा कामगार गेले आणि आखातातल्या केंद्राच्या हद्दीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग मासेमारीला बंद झाला. तेलाचे गोळे त्या जुलैत आमच्या किनाऱ्यापर्यंतही आले. २०१७ च्या हार्वी वादळाने खाडीत इतकं गोडं पाणी ओतलं की कालवं मेली. आणि फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या आठवड्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर ३८ लाख मासे मेल्याचा राज्याचा अंदाज होता. सर्वांत मोठा फटका दक्षिणेच्या लगूना माद्रेला बसला.

ट्राउटची मर्यादा या काळात कशी खाली आली ते पाहा. आम्ही जायला लागलो तेव्हा आमच्या बाजूला माणशी दहा. २०१९ मध्ये सगळ्या किनाऱ्यावर पाच. २०२४ पासून तीन. पूर्वी सहाजणांची बोट ट्राउटचा कूलर गच्च भरून परतायची, आणि रविवारी दुपारी तीन घरांत मासे वाटायचे हे ठरलेलं. तीनचा नियम आला तेव्हा आमच्यातल्याच काहींनी ‘मग एवढे पैसे कशाला?’ म्हणून नाक मुरडलं. मला तो नियम योग्य वाटतो. रव्यात घोळवून तळलेल्या ट्राउटच्या तुकड्या एका जेवणाला पुरतात. फ्रीझरमध्ये तीन महिने पडलेला ट्राउट कोणीही आवडीने खात नाही. कॅप्टन मंडळींनीही आपला धंदा त्याप्रमाणे वळवला. आता सहल विकली जाते ती शिकण्यावर: टाकायचं कसं, ओहोटीला मासा कुठे उभा राहतो, सोडायचा मासा ओल्या हाताने का धरायचा.

बाहेरच्या पाण्यातली गोष्ट तांबोशीच्या अमेरिकन भावाची, रेड स्नॅपरची. २०१४ मध्ये केंद्राच्या हद्दीत हौशी मासेमारीचा हंगाम नऊ दिवसांचा होता. नऊच! जूनमधल्या त्या दिवसांत वारा सुटला की वर्ष गेलं. २०१५ मध्ये चार्टर बोटींचा वाटा खाजगी बोटींपासून वेगळा काढला. त्या वर्षी चार्टरला ४४ दिवस मिळाले आणि पुढे हंगाम अडीच महिन्यांपलीकडे गेला. खोलातून वर ओढलेल्या स्नॅपरच्या पोटातली हवा फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, आणि सोडला तरी तो उताणा तरंगत राहतो. एकेकाळी असे मासे बोटीमागे वाहत जाताना पाहून मुलं गप्प व्हायची. २०२२ च्या जानेवारीपासून केंद्राच्या हद्दीत मासा खाली पोचवायचं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई बोटीवर तयार ठेवणं बंधनकारक झालं. पहिल्या साधनात जबड्याला चिमटा, खाली वजन, आणि ठरलेल्या खोलीवर दाबाने चिमटा आपोआप सुटतो. माझ्या मुलीला गळापेक्षा हेच काम जास्त आवडतं. ती दोरी सोडते आणि कॅप्टनच्या पडद्यावर तो ठिपका खाली खाली जाताना बघत राहते.

कोविडच्या उन्हाळ्यात बंद घराला कंटाळलेली कितीतरी कुटुंबं या बोटींवर पहिल्यांदा आली. बायकांचे स्वतंत्र गट जायला लागले, तेही त्याच सुमारास. पूर्वी डबे भरून देणाऱ्या आणि धक्क्यावर थांबणाऱ्या बायका आता पुढच्या टोकावर उभ्या असतात. माझ्या लेखी या वीस वर्षांतला हा सगळ्यात चांगला बदल.

मालवणच्या बाजूलाही आता पर्यटकांना गळ देऊन नेणाऱ्या होड्या आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा केलं आणि पापलेट, सुरमई, बोंबील यांच्यासह अनेक माशांचं किमान आकारमानही ठरवलं. त्या आकड्यांची एक पट्टी प्रत्येक पर्यटक होडीच्या काठावर ठोकलेली असावी, असं मला फार वाटतं. मुलं कायद्याची कलमं वाचत नाहीत. पट्टीवर आडवा ठेवलेला मासा मात्र कधी विसरत नाहीत.

यंदाच्या थँक्सगिव्हिंगची बोट आमच्या मुलांनीच ठरवली आहे. नोव्हेंबरात इथला लेपा, म्हणजे फ्लाउंडर, अंडी घालायला खाडीतून समुद्राकडे निघतो. पूर्वी ही सहल त्याच्याचसाठी असायची. २०२१ पासून १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर तो ठेवायला बंदी आहे. मुलांनी कॅप्टनला कळवलंय, की लेपा लागला तर सोडू, रेडफिश मिळाले तर दोन ठेवू, आणि आजीला पुढच्या टोकाची खुर्ची हवी.