लाकडी जमिनीवरील फरशीकाम
अमेरिका व कॅनडातील घरांत न्हाणीघराची जमीन बहुधा लाकडी तुळयांवर प्लायवूड ठोकून केलेली असते. लाकूड दमटपणाने फुगते व भाराने वाकते. त्यावरील ठिसूळ फरशी मात्र तडकते. म्हणून फरशी बसवण्यापूर्वी कुजलेले प्लायवूड बदलतात व सैल भाग तुळयांना स्क्रूने आवळतात. तुळयांचा बाक सिरॅमिक फरशीसाठी आधारांमधील अंतराच्या ३६०व्या, तर नैसर्गिक दगडासाठी ७२०व्या भागाहून अधिक नसावा, असा संकेत आहे. त्यानंतर ओल्या सिमेंट मसाल्यावर सिमेंट बोर्ड बसवून ते स्क्रूने पक्के करतात आणि सांध्यांवर जाळीची पट्टी लावतात. हे बोर्ड कुजत नाहीत. परंतु ते वाकणाऱ्या जमिनीला ताठपणा देत नाहीत, तसेच पाणीही अडवत नाहीत. त्यासाठी अनुक्रमे तुळया मजबूत करणे व बोर्डावर जलरोधक थर देणे आवश्यक असते.