दुपारच्या उन्हातले मिश्र वास्तव

नीरेहून बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सोमेश्वर आणि माळेगाव या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या दरम्यान, कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव वसले आहे. इंग्रजी अमदानीत, १८८० च्या दशकात, नीरा डावा कालवा या अवर्षणग्रस्त मुलखातून वाहू लागला आणि त्याच्या पाण्याबरोबर ऊस आला, पाटकरी आले, पाण्याच्या पाळ्या आणि पाणीपट्टीची दप्तरे आली. आणि अतिरिक्त पाण्याने जमीन चोपण होण्याचे दुखणेही त्याच वाटेने आले. पुण्याजवळ खडकवासल्याला आज जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिचा प्रारंभ १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या पाण्याचा वापर सुधारण्याकरिता काढलेल्या एका विशेष शाखेतून झाला. आणि पुढे १९३२ मध्ये नीरेपलीकडे पाडेगावला उभे राहिलेले ऊस संशोधन केंद्र तर या कालव्याखालच्या जमिनींचे जणू कायमचे वैद्यच झाले.

शंभराहून अधिक वर्षांच्या या उलाढालीचा एक परिणाम असा की, या टापूतील शेतीची निम्मी रचना जमिनीच्या पोटात दडलेली आहे. विहिरीवरून दूरच्या शेतापर्यंत नेलेल्या पाइपलाइनी, ठिबकच्या मुख्य नळ्या आणि त्यांचे व्हॉल्व्ह, मोटारीच्या केबली आणि चोपण जमिनीचा निचरा व्हावा म्हणून साधारण एक ते दीड मीटर खोलीवर पुरलेले सच्छिद्र पाइप, यांपैकी काहीच वरून दिसत नाही. एखाद्या सरीत विनाकारण ओल दिसू लागली की घरातल्या थोरल्या माणसाला बांधावर बोलावतात, तो बाभळीपासून पावले मोजत येतो, थांबतो, डोळे बारीक करून विहिरीकडे पाहतो आणि टाचेने माती दाबून म्हणतो, “हितंच हाय बघा.” जेसीबीचे दात तिथे रुततात आणि पाइप निघतो तो दोन हात पलीकडे, पुष्कळदा नव्याने फुटलेला. त्या माणसाच्या स्मरणाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु तो गेल्यावर त्याच्याबरोबर शेताचा नकाशाही जातो, ही गोष्ट मात्र मला फार अस्वस्थ करते.

समोरच्या खऱ्या दृश्यावर, त्याच्याच जागी आणि त्याच्याच मापाने, यंत्राने काढलेले चित्र उभे करणे, आणि पाहणारा हलला तरी ते चित्र जागचे हलू न देणे, हे मिश्र वास्तवाचे कार्य होय. १९९४ मध्ये पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांनी एका टोकाला निखळ वास्तव आणि दुसऱ्या टोकाला संपूर्ण कल्पित जग अशी रेषा मानून, मधल्या सर्व प्रदेशाला हे नाव दिले. प्रत्यक्ष यंत्र मात्र त्याहून जुने. अमेरिकन संशोधक आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये छताला टांगलेले एक शिरस्त्राण जगापुढे मांडले. त्यातील अर्धपारदर्शक आरशांमुळे समोरची खोलीही दिसे आणि तिच्यात तरंगणारी प्रकाशरेषांची आकृतीही दिसे. जमिनीखालच्या नळवाहिन्यांसाठी ही विद्या वापरण्याचा ‘विदेंते’ नावाचा प्रकल्प ऑस्ट्रियातील ग्राझच्या तंत्रविद्यापीठात झाला, आणि पाइपच्या शोधात पावले मोजणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचे काम त्या प्रकल्पाच्या हेतूहून काही वेगळे नाही.

अशा यंत्राची पहिली अडचण प्रकाशाची. तिन्हीसांजेला एसटीच्या खिडकीपाशी बसले असता बाहेरचा ऊसही दिसतो आणि आतल्या दिव्याचे, शेजारच्या प्रवाशाचे प्रतिबिंबही त्याच उसावर चालताना दिसते. अर्धपारदर्शक काचेची सगळी किमया एवढीच. लंडनच्या रंगमंचावर जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये याच युक्तीने भूत उभे केले होते, आणि आजच्या अनेक चष्म्यांत तीच युक्ती अंगठ्याएवढ्या काचेत बसवलेली असते. पण दुपारी बाराला त्याच एसटीच्या खिडकीत कोणाचेही प्रतिबिंब दिसत नाही, आणि अभियंत्याचा प्रश्न नेमका तिथे सुरू होतो. भर उन्हात भूमीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. त्या उन्हातल्या पांढऱ्या कागदाची तेजस्विता पंचवीस हजार निटांच्या घरात जाते, तर उत्तम मोबाइलचा पडदा दोन हजारांच्या आसपास थकतो. शिवाय पातळ काचेतून प्रकाश वळवत डोळ्यापर्यंत आणणाऱ्या रचनेत मूळ प्रकाशाचा फारच थोडा अंश शिल्लक राहतो. त्यातून पारदर्शक काच दृश्यात प्रकाशाची भर घालू शकते, त्यातून प्रकाश वजा करू शकत नाही. म्हणून तिच्यावर काळी रेघ काढताच येत नाही, आणि काळ्या मातीवर उठून दिसणारी पिवळी रेघ वाळल्या पाचटावर पार विरून जाते.

आपल्याकडे कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात आपल्या मुलांसह ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले आणि चित्रातील आकृती हलवून दाखवून प्रेक्षकांना थक्क केले. पुढे मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी एमआयटीत घडवलेली ‘सिक्स्थ सेन्स’ ही रचना २००९ मध्ये जगाला दाखवली, तेव्हा गळ्यात अडकवलेला छोटा प्रक्षेपक आणि कॅमेरा एवढ्या सामग्रीवर भिंत, वर्तमानपत्र, तळहात यांनाच पडदा बनवले होते. कौशल्य दोहोंचे वादातीत. तरी दोहोंनाही अंधाराचा अथवा सावलीचा आश्रय आवश्यक होता. प्रतिमेच्या कलेने आजवर प्रेक्षकाला अंधारात बोलावले. शेतकऱ्याला तसे बोलावता येत नाही. त्याचे काम उन्हातच आहे, म्हणून प्रतिमेनेच उन्हात उतरले पाहिजे.

यावर एक तोड अशी की, काच पारदर्शक ठेवूच नये. कॅमेऱ्याने दृश्य टिपावे, त्यावर चित्र काढावे आणि दोन्ही मिळून डोळ्यांपुढील बंद पडद्यावर दाखवावे. २०२४ मध्ये विक्रीस आलेला ॲपलचा व्हिजन प्रो या पंथाचा. त्यात काळी रेघ निघते, ठसठशीत निघते. परंतु यंत्र क्षणभर बंद पडले तर माणूस क्षणभर आंधळा होतो. आणि जिथे कठडा नसलेली विहीर आहे, पाचटाखाली चारी आहे, सापकिरडू आहे, तिथे डोळ्यांवर असे कवाड लावण्याची तजवीज मला कदापि मान्य होणार नाही.

दुसरी अडचण प्रकाशाहून अवघड आहे, आणि माझ्या मते या विद्येचे सारे सत्त्व तिच्यातच आहे: चित्र जागच्या जागी ठेवणे. माणूस सहज मान वळवतो तेव्हा सेकंदाला शंभर अंशांचा वेग होतो. यंत्राने ती हालचाल ओळखून नवे चित्र काढण्यास पन्नास सहस्रांश सेकंद घेतले, तर तेवढ्यात मान पाच अंश पुढे गेलेली असते आणि दहा मीटरांवरची पाइपलाइन सुमारे ८७ सेंटिमीटर बाजूला सरकलेली दिसते. विलंब वीसवर आणला तरी ३५ सेंटिमीटरांची चूक उरते, म्हणून मान पुढच्या क्षणी कुठे असेल याचे भाकीत करून चित्र आधीच तिथे काढावे लागते. मान स्थिर असतानाही दिशेत एक अंशाची गफलत राहिली, तर तीस मीटरांवर अर्ध्या मीटरचा फरक पडतो. चार-पाच फुटांच्या सरीत एवढा फरक म्हणजे खोदणाऱ्याच्या दृष्टीने सपशेल चूक.

आपण कुठे आहोत हे यंत्र दोन साधनांनी ओळखते. एक, गती मोजणारा संवेदक. त्याचा वेग फार, पण त्यातली चूक काळाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्वरणाच्या मापनात सेकंदामागे सेकंदाला एक सेंटिमीटर एवढीच खोट असली तरी दहा सेकंदांत यंत्र अर्धा मीटर आणि मिनिटभरात अठरा मीटर भरकटते. म्हणून दुसरे साधन कॅमेरा, जो टेबलाचा कोपरा, दाराची चौकट अशा स्थिर खुणा धरून ती चूक पदोपदी सुधारतो. दिवाणखान्यात ही जोडी उत्तम नांदते. उसाच्या फडात मात्र कॅमेऱ्याला कोपरा सापडत नाही, चौकट सापडत नाही. चहूकडे एकसारखी पाने, तीही वाऱ्याने हलणारी, आणि पान हलले की आपण हललो, असा भ्रम यंत्राला होऊ शकतो. त्यात आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की पंधरा-अठरा महिने शेतात उभा राहतो. लागणीच्या वेळी टिपलेल्या खुणा दिवाळीनंतर पुरुषभर उंच हिरवाईत बुडून जातात.

यावरचा उपाय योगायोगाने आपल्या भूमी अभिलेख खात्याच्या हाती आधीच आलेला आहे. मोजणीदार आता साखळीऐवजी रोव्हर घेऊन बांधावर येतो. मोबाइलमधील उपग्रह-स्थाननिश्चिती काही मीटर चुकते, तर ज्ञात जागी उभ्या केलेल्या स्थानकाच्या दुरुस्तीमुळे रोव्हर काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक येतो. त्याने जागा ठरवावी, संवेदकाने मानेचा वेग सांभाळावा आणि कॅमेऱ्याने बांध, विजेचा खांब, विहिरीचे काठ अशा न हलणाऱ्या वस्तूंशीच नाते ठेवावे, अशी कामाची वाटणी केली तर फडातही चित्र जाग्यावर राहू शकते.

येथे अभियंत्याचे काम आकारकाराच्या हाती जाते, आणि त्याची जबाबदारी लहान नाही. जमिनीखालचा पाइप सरळ रंगवून दाखवला तर तो जमिनीवर तरंगत असल्यासारखा भासतो. म्हणून आधी मातीत एक चौकोनी खड्डा पडल्याचे चित्र काढावे, त्याच्या कडा दाखवाव्यात आणि तळाशी पाइप दाखवावा, म्हणजे डोळ्याला खोली पटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जागेची खात्री तीस सेंटिमीटरांपलीकडे नसेल तर बारीक रेघ न काढता दोन्ही बाजूंना तेवढी जागा सोडून साठ सेंटिमीटरांचा पट्टा काढावा. बारीक रेघ माणसाला निःशंक करते, आणि यंत्राला स्वतःलाच जी खात्री नाही ती पाहणाऱ्याच्या मनात निर्माण करणे हा अपराध आहे. हद्दीची रेघ तर अशा चष्म्यातून दाखवायचीच झाली, तर ती सरकारी मोजणीची ‘क’ प्रत नव्हे, हे त्याच दृश्यात लिहिलेले असावे. बांधाच्या हातभर जागेवरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चाललेल्या मुलखात ही खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही.

उरले यंत्राचे ओझे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे वजन साडेपाचशे ग्रॅमांहून अधिक होते, आणि २०२४ मध्ये तिचे उत्पादनही थांबले. मुंबईच्या टेसरॅक्टने घडवलेला आणि २०२० च्या जुलैत रिलायन्सच्या वार्षिक सभेत दाखवलेला जिओ ग्लास ७५ ग्रॅमांचा होता, कारण गणन आणि विजेचा भार तारेने जोडलेल्या मोबाइलवर सोपवला होता. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. ठाण्याच्या अज्नालेन्सने, म्हणजे पंकज राऊत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच क्षेत्रात व्यवसायशिक्षणाची वाट धरली; छपराखाली, ठरावीक उजेडात वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे खोटी ठिणगी उभी करणे हे उन्हातल्या उसापेक्षा पुष्कळ सुसाध्य, आणि आजच उपयोगाचे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने सुमारे एक हजार ऊस उत्पादकांसह कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग आरंभला, त्यात मातीतील संवेदक, हवामान केंद्रे आणि उपग्रहचित्रे यांची माहिती मोबाइलवर येते. ती माहिती उद्या त्या-त्या सरीवरच उमटलेली दिसावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तूर्त चष्म्याची वाट न पाहता काठीवर बसवलेला मोबाइल आणि रोव्हर एवढ्यावरही आरंभ करता येईल. परंतु जो पाइप कोणी मोजलाच नाही, तो जगातला कोणताही चष्मा दाखवू शकणार नाही. तेव्हा कोऱ्हाळ्यात यंदा ज्यांच्या शेतात पाइपलाइनीचे खोदकाम निघेल, त्यांनी चर उघडा असतानाच प्रत्येक सांध्यावर, वळणावर आणि व्हॉल्व्हवर रोव्हर टेकवून जागा आणि खोली नोंदवून घ्यावी, बाजूला टेप धरून छायाचित्र काढावे, आणि मगच माती लोटावी.