प्रतिपिंडांची साक्ष कितपत ग्राह्य?

पावसाळ्यात डेंग्यूचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, की निदान पक्के झाले असे मानले जाते; परंतु प्रतिपिंड चाचणी विषाणू शोधतच नाही, तर त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने घडवलेली प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तद्रवात शोधते. त्यांतील ‘आयजीएम’ वर्ग तापाच्या साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतो आणि दोन-तीन महिने टिकू शकतो, त्यामुळे सापडलेले आयजीएम आजच्याच तापाचे असेल असे नाही.

पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था पुरवते त्या ‘मॅक एलायझा’ संचात प्लेटच्या खळग्यांमध्ये मानवी आयजीएम धरून ठेवणारी प्रतिपिंडे आधीच बसवलेली असतात. रुग्णाच्या रक्तद्रवातील आयजीएम तेथे अडकले, की त्यावर डेंग्यूचे प्रतिजन, म्हणजे विषाणूचे ओळखता येणारे अंश, सोडले जातात आणि ते धरले गेल्यास शेवटी रंग उमटतो.

अडचण अशी, की डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर आणि गोचिडींमार्फत पसरणारा क्यासनूर जंगलज्वर यांचे विषाणू एकाच फ्लॅविव्हायरस कुळातले असल्याने, एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. चिकुनगुनियाचा विषाणू वेगळ्या कुळातला, म्हणून तेथे ही गफलत सहसा होत नाही.

या गफलतीचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. वेस्ट नाईल विषाणू प्रथम वेगळा करणारे स्मिथबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातून भारतीयांचे रक्तनमुने तपासले, तेव्हा १९६ पैकी ३३ नमुन्यांनी झिकाला निष्प्रभ केले. चाचणी सोपी नव्हती, कारण विषाणू आणि रक्तद्रव यांचे मिश्रण उंदरांना टोचून ते जगतात का हे पाहावे लागे. ‘झिका भारतात तेव्हाच होता’ असे या आकड्यावरून आजही सांगितले जाते; परंतु याच कुळातले इतर विषाणू येथे वावरत असताना केवळ प्रतिपिंडांवरून तसा निष्कर्ष काढणे धाडसाचेच होय. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे निश्चित झाला, तोही विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे जनुकीय द्रव्याचा, शोध घेणाऱ्या चाचणीने.

प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट कार्डचाचणीवर म्हणूनच विसंबू नये. कीटकजन्य रोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही एलायझालाच ग्राह्य धरतो. पहिल्या दिवसांत एनएस-१ हे विषाणूचेच प्रथिन शोधावे आणि रक्त देताना ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला हे फॉर्मवर आवर्जून लिहावे, कारण त्या तारखेवाचून अहवालाचा अर्थ लावता येत नाही.